गिऱ्हाइकाचा उंबरठा



कर्जत-खालापूर भागांत शेतावर निवासाची व घरगुती जेवणाची सोय करणारे लहान व्यावसायिक आतां पुष्कळ झाले आहेत. मुंबई-पुण्याचा प्रवासी हें त्यांचें गिऱ्हाईक, आणि त्याला गांठण्याचें साधन म्हणजे हातांतला मोबाईल. हें साधन लोकांस उपद्रव न देतां कसें वापरावें, याविषयीं आज चार शब्द सांगणार आहें.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें आईचे दागिने गहाण ठेवून कर्जतजवळ दोन खोल्या बांधल्या. ओळखीच्या माणसांचा त्यानें व्हॉट्सॲपवर एक ग्रुप केला व न विचारतां मलाही त्यांत घातलें. मग सकाळीं सुप्रभात, दुपारीं खोल्यांचे फोटो, रात्रीं सवलतीची घोषणा! १९ जुलै २०२३ च्या रात्रीं खालापूर तालुक्यांतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. दुसऱ्या दिवशीं जो तो हळहळत असतांना याचा रोजचा संदेश आलाच : 'या, पावसाची मजा लुटा!' त्या दिवशीं अनेकांनीं ग्रुप सोडला. मीही सोडला. संध्याकाळीं तो खालीं मान घालून घरीं आला व म्हणाला, "गुरुजी, माझें चुकलें. पण गप्प बसलों तर आईचे दागिने सुटायचे कसे?"

प्रश्न खरा होता. मीं त्याला किर्लोस्करवाडीची गोष्ट सांगितली. तेथील कारखान्यानें १९२० सालीं 'किर्लोस्कर खबर' हें पत्र सुरू केलें. नुसत्या नांगरांच्या किंमती छापल्या असत्या, तर तें कोणी जपून ठेवलें नसतें. परंतु शं. वा. किर्लोस्कर यांनीं वाचकाच्या उपयोगाचा व आवडीचा मजकूर त्यांत घातला. पुढें त्याचेंच 'किर्लोस्कर' मासिक झालें, आणि घरोघरीं लोक त्याची वाट पाहूं लागले. मी म्हटलें, "अरे, आपण बोलावें कीं नाहीं, हा प्रश्नच नव्हे. आपल्या बोलण्याची कोणी वाट पाहतो काय, हा प्रश्न आहे."

मग आम्हीं दोघांनीं मिळून कांहीं नियम ठरविले. पहिला नियम संमतीचा. ग्रुपऐवजीं ब्रॉडकास्ट यादी करावी. तिच्यांत प्रत्येकास संदेश स्वतंत्र जातो, एकाचा नंबर दुसऱ्यास दिसत नाहीं. आणि ज्यानें आपला नंबर स्वतःच्या फोनांत नोंदविला आहे, त्यालाच तो पोंचतो. म्हणून पाहुणा निघतांना त्यालाच विचारावें, "कळवीत जाऊं का?"

दुसरा नियम असा कीं, रोजचें किरकोळ 'स्टेटस'वर ठेवावें. तें चोवीस तासांनीं आपोआप जातें. दुकानाबाहेरच्या फळ्यासारखें तें आहे. ज्यास हवें तो थांबून वाचतो.

तिसरा नियम : यादीवर जें धाडावें तें वाचणाऱ्याच्या कामाचें असावें. कर्जतहून खोपोलीची लोकल किती वाजतां सुटते, भातलावणी केव्हां पाहावयास मिळेल, धबधब्यांवर जाण्यास बंदीचा हुकूम आहे काय, हें कळवावें. "ओढ्याला पूर आहे, या रविवारीं येऊं नका," असें सांगणारा एका दिवसाचें भाडें गमावतो. पण पुढच्या वेळीं प्रवासी त्यालाच विचारून घराबाहेर पडतो.

चवथा नियम : विचारलेल्या प्रश्नास त्याच दिवशीं उत्तर द्यावें, आणि तक्रार आल्यास चारचौघांत वाद न घालतां त्या माणसास स्वतः फोन करावा. आणि गांवावर दुःख असेल त्या दिवशीं धंद्याचा शब्दही काढूं नये.

आतां त्याची यादी पूर्वीच्या ग्रुपाहून लहान आहे, आणि पंधरवड्यांतून एखादाच संदेश येतो. त्या यादींत माझें नांव मीं आपण होऊन घालवून घेतलें. आईच्या पाटल्या सुटल्या आहेत. गोठ अद्याप सुटावयाचे आहेत. परंतु परवां तो म्हणाला, "गुरुजी, आतां लोकच विचारतात, लावणी कधीं?"

मोबाईल हा गिऱ्हाइकाच्या घराचा उंबरठाच होय. तेथें बोलावल्यावांचून जाऊं नये, आणि गेल्यास रिकाम्या हातानें जाऊं नये.