कानाने शिकलेली इंग्रजी

आपल्या पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली उत्खनन झाले, तेव्हा स्तूपाच्या अवशेषांबरोबर ब्राह्मी लिपीतील लेखही मिळाले. जाणकार ते वाचतात. आपल्यासारख्यांना मात्र दगडावरील रेघा तेवढ्या दिसतात. इंग्रजी शब्दांच्या बाबतीत माझे बरीच वर्षे असेच होते. अक्षरे दिसत, पण त्यांचा आवाज ऐकू येत नसे.

महाविद्यालयाची पायरी चढणारी मी घरातील पहिलीच. आईबाबा धानाच्या शेतीत राबतात. आमच्या घरी इंग्रजी येई ती खताच्या पोत्यावर आणि औषधाच्या बाटलीवर छापून. शाळेत असताना एकदा मला 'नाइफ' हा शब्द मोठ्याने वाचावयास सांगितले. त्याच्या आरंभी 'के' हे अक्षर आहे, म्हणून मी 'क्नाइफ' असे वाचले. सारा वर्ग हसला. त्यानंतर दोन वर्षे मी वर्गात इंग्रजीचा एक शब्दही उच्चारला नाही.

चूक नेमकी कोठे होती? मराठी आपण बहुतांशी जशी बोलतो तशीच लिहितो. अक्षर ओळखले की उच्चार साधतो. इंग्रजीचे तसे नाही. तेथे शब्द आधी कानावर पडावा लागतो. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविली जाऊ लागली. परंतु ज्या घरात ती कानावर पडत नाही, तेथील मुलाला ती केवळ डोळ्यांनी शिकावी लागते. श्रवण, भाषण, वाचन व लेखन ही भाषेची चार कौशल्ये होत. आमची सुरुवात तिसऱ्यापासून झाली आणि पहिली दोन राहूनच गेली.

ही उणीव भरून काढण्यास ध्वनी, चित्र व अक्षर यांची एकत्र योजना उपयोगी पडते. शब्द ऐकावा, त्याच वेळी वस्तू पाहावी आणि खाली उमटलेली अक्षरे वाचावीत, म्हणजे तो मनात पक्का बसतो. ही कल्पना जुनीच आहे. १९७५-७६ साली 'साइट' प्रयोगात उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरदर्शनचे शैक्षणिक कार्यक्रम पोचले होते. पण तो कार्यक्रम एकदा निघून गेला की गेला. मोबाईलवरील धडा थांबविता येतो, मागे नेता येतो, स्वतःचा आवाज मुद्रित करून मूळ आवाजाशी ताडून पाहता येतो.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक असताना रणजितसिंह डिसले यांनी हेच साधले. त्यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर संकेत जोडले. त्यावर मोबाईल धरला की कविता ऐकू येई, धडा चित्रफितीत दिसे. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

परंतु साधन म्हणजे शिक्षण नव्हे. २०२० च्या टाळेबंदीत आमच्या घरी एकच मोबाईल होता आणि रोवणीच्या दिवसांत तो बाबांबरोबर बांधीत जाई. त्या वेळी धाकट्या भावाला सह्याद्री वाहिनीवरील 'टिलीमिली' मालिकेचाच आधार झाला. दुसरे असे की, नुसते पाहत राहिल्याने बोलता येत नाही. आणि मोबाईल हसत नाही हे खरे, पण आपले कोठे चुकते ते तो नेहमीच नीट सांगतो असेही नाही. बी. ए. भाग १ ला असताना मी एकेक वाक्य दहादहा वेळा ऐकून म्हटले, तरी काही उच्चार चुकतच राहिले. ते सुधारले ते वर्गात धीर करून उभी राहिले तेव्हा, आमच्या प्राध्यापकांनी.

म्हणून गुरुजनांना एक नम्र सूचना कराविशी वाटते. आठवड्यातून एक तास श्रवणाचा असावा. एक ध्वनिवर्धक व एक पडदा एवढ्यानेही भागेल. पाच मिनिटांची चित्रफीत आधी अक्षरांविना ऐकावी, मग अक्षरांसह पाहावी, नंतर जोडीजोडीने तीच वाक्ये बोलावीत आणि शेवटी शिक्षकांनी चुका दाखवाव्यात. ज्याच्याजवळ मोबाईल नाही तोही मागे राहणार नाही.

परवा बाबांनी खताचे पोते पुढे करून विचारले, "का लिवलं आहे यावर?" मी ते मोठ्याने वाचले आणि अर्थही सांगितला. विद्यार्थिमित्रांनो, आपल्याला इंग्रजी हवी आहे ती एवढ्याचसाठी. कोणावर छाप पाडण्यासाठी नव्हे.