जुनी मोटार : शोभेची कीं वापराची?

वडिलांनीं अगर आजोबांनीं घेतलेली मोटार पुष्कळ घरीं अद्याप उभी असलेली दिसते. ती विकावी असें कोणाच्या मनास येत नाहीं, आणि नित्य चालवावी असा उत्साहहि राहिलेला नसतो. मग तिच्यावर एक आच्छादन घालण्यांत येतें व ती जपली गेली असें घरांतील मंडळी समजूं लागतात. ही समजूत कितपत बरोबर आहे, याचा येथें थोडा विचार करावयाचा आहे.

उदाहरणादाखल आपल्या परिचयाची ‘पद्मिनी’च घेऊं. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीनें कुर्ल्याच्या कारखान्यांत फियाट ११०० जातीच्या गाड्या तयार केल्या; १९७४ पासून त्यांस ‘प्रीमियर पद्मिनी’ हें नांव मिळालें. १०८९ सी. सी. चें इंजिन व स्टिअरिंगच्या दांड्यावरच बसविलेला गिअर, अशी तिची साधी रचना. ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या टॅक्सींतून ती कायमची गेली. आतां ती उरली आहे ती खासगी मालकांपाशींच.

अशी गाडी उभी राहिली असतां काय होतें? कार्बुरेटरांतील पेट्रोल उडून जाऊन मागें चिकट थर राहतो व बारीक छिद्रें बुजतात. बॅटरी उतरते. ब्रेकचें तेल हवेंतील दमटपणा शोषून घेतें व आंतील भाग गंजतात. नुसतें पांच मिनिटें इंजिन सुरू करून बंद करणें हाहि उपाय नव्हे. तेवढ्यानें तेल पुरतें तापत नाहीं व इंजिनांत जमलेलें पाणी तसेंच राहतें. आठवड्यांतून एकदां अर्धा तास तरी गाडी रस्त्यावर चालली पाहिजे. आमच्या घरीं याकरितां रविवारची सकाळ नेमून दिली आहे.

मात्र पूर्वीची सर्व वहिवाट आज चालणार नाहीं. हल्लीं पेट्रोलांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. तें जुन्या रबरी नळ्यांस मानवत नाहीं, म्हणून तें सोसणाऱ्या नव्या नळ्या घालून घ्याव्या. ब्रेक जुन्या ड्रम पद्धतीचे असल्यानें पुढील गाडीपासून अंतरहि अधिक राखावें.

आतां कायद्याची गोष्ट. २०२१ सालच्या केंद्रीय नियमांप्रमाणें ५० वर्षांहून जुनी व मूळ स्वरूपांत राखलेली खासगी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवितां येते. मान मोठा खरा. परंतु अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती इत्यादि कारणांपुरतीच रस्त्यावर आणतां येते, नित्याच्या वापरास नाहीं. पद्मिनी नांवाच्या पहिल्या गाड्या आतां या वयास पोंचल्या आहेत. तेव्हां अर्ज करण्यापूर्वीं घरांतील लहानथोरांनीं एकत्र बसून ठरवावें कीं, गाडी दाखवावयाची आहे कीं चालवावयाची. चालवावयाची असल्यास साधी खासगी नोंदणीच बरी. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनीं तपासणी व नूतनीकरण करण्याचा त्रास सोसावा.

गाडीबरोबर एक विद्याहि घरांत असते. थंडीच्या सकाळीं चोक किती ओढावा, इंजिनाच्या कोणत्या आवाजावर गिअर बदलावा, हें शेजारीं बसूनच शिकावें लागतें. सुटे भाग शोधल्यास अजून मिळतात. पण ज्या आजोबांच्या हातांत ही विद्या आहे, त्यांच्या शेजारीं नातवंडांनीं बसावयाचें तें आजोबा गाडी चालवीत आहेत तोंवरच.