दिल्लीचं सरकार रिठदपर्यंत पोचतं कसं?

ज्यांना पूर्ण भाग ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी हा नेहमीसारखा लिखित मजकूर.

मागच्या महिन्यात रिठदहून काकांचा फोन आला. "बाबू, पीएम किसानचे तीन हप्ते नाही आले. हापिसात दोनदा गेलो, तं म्हनते दिल्लीचं काम हाय, आमच्या हाती काही नाही." तीन हप्ते म्हणजे ६००० रुपये. पेरणीच्या तोंडावर बियाणं याच पैशातून यायचं. म्हणून मी शोधायला बसलो की हे 'दिल्ली' म्हणजे नेमकं कोण?

आधी वरची रचना

केंद्र सरकार हे एकच मोठं ऑफिस नाही. कुठलं खातं काय बघणार, हे १९६१ च्या कामकाज वाटप नियमांत लिहिलेलं आहे. हे नियम राज्यघटनेच्या कलम ७७ खाली राष्ट्रपतींनी केलेले आहेत. एका मंत्रालयात एक किंवा जास्त विभाग असतात. कृषी मंत्रालयातच दोन आहेत: एक शेती आणि शेतकरी कल्याणाचा, दुसरा कृषी संशोधन आणि शिक्षणाचा.

मंत्री हा राजकीय प्रमुख. तो निवडणुकीनंतर बदलू शकतो. विभागाचा प्रशासकीय प्रमुख म्हणजे सचिव. त्याच्याखाली अतिरिक्त सचिव, सहसचिव, मग संचालक किंवा उपसचिव, अवर सचिव आणि सगळ्यात खाली कक्ष अधिकाऱ्याचा कक्ष. फाइल साधारण याच कक्षात सुरू होते आणि वर चढते. प्रत्येक पायरीला किती अधिकार ते ठरलेलं असतं. छोटा निर्णय खालीच होतो, मोठा मंत्र्यापर्यंत जातो, त्याहून मोठा मंत्रिमंडळापुढे. आपण सॉफ्टवेअरवाले याला परमिशन लेव्हल म्हणतो.

मग गावात कोण?

खरी गंमत इथे आहे. काही खात्यांची साखळी थेट गावापर्यंत येते. पोस्ट घ्या. पोस्ट हा केंद्राच्या यादीतला विषय. गावातल्या डाकसेवकापासून दिल्लीच्या डाक विभागापर्यंत सगळी माणसं एकाच खात्याची.

शेतीचं तसं नाही. शेती आणि जमिनीच्या नोंदी हे दोन्ही विषय राज्याच्या यादीत आहेत. दिल्लीतल्या कृषी सचिवाचा रिठदमध्ये स्वतःचा माणूस नाही. तलाठी, मंडळ अधिकारी, रिसोडचे तहसीलदार, वाशिमचे जिल्हाधिकारी, अमरावतीचे विभागीय आयुक्त ही राज्याच्या महसूल खात्याची साखळी. तालुका कृषी अधिकारी, जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी, वर पुण्याचं कृषी आयुक्तालय ही राज्याच्या कृषी खात्याची.

पीएम किसान योजना २०१९ मध्ये सुरू झाली. वर्षाला ६००० रुपये, २००० चे तीन हप्ते. पैसा पूर्ण केंद्राचा. पण पात्र शेतकरी कोण हे ठरवायचं काम राज्याचं. म्हणजे पैसे दिल्ली पाठवते, नाव तालुका कळवतो. दोघांमधला एक दुवा तुटला की हप्ता अडकतो, आणि दोन्हीकडचे लोक समोरच्याकडे बोट दाखवतात.

काकांचं काय झालं?

योजनेच्या पोर्टलवर 'नो युवर स्टेटस' उघडलं. तिथे तीन गोष्टी बघायच्या:

१. ई-केवायसी: हे आपलं आपल्यालाच करायचं. मोबाइलवरून होतं, नाहीतर सेवा केंद्रात.
२. बँक खात्याला आधार जोडणी: हे बँकेचं काम.
३. लँड सीडिंग, म्हणजे जमिनीची नोंद जोडणं: हे तालुक्याचं काम.

काकांच्या पहिल्या दोन ठिकाणी 'यस', तिसऱ्यात 'नो'. म्हणजे अडचण दिल्लीत नव्हतीच, रिसोडला होती! काकांनी सातबारा, आठ-अ आणि आधारची झेरॉक्स लावून लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. तोंडी सांगितलं तर त्याची कुठे नोंद राहत नाही. पोच असली की अर्ज कधी आला हे कोणाला नाकारता येत नाही.

तुमच्यासाठी

कोणी "वरचं काम आहे" म्हटलं की विचारा: वरचं म्हणजे कोणत्या खात्याचं, कोणत्या पदाचं? केंद्राच्या खात्याची तक्रार सीपीग्राम्स पोर्टलवर जाते, राज्याच्या खात्याची 'आपले सरकार'वर. तरी उत्तर नाही आलं, तर माहितीचा अधिकार आहे. २००५ चा कायदा, फी १० रुपये, उत्तराची मुदत साधारण ३० दिवस. "माझ्या अर्जावर आजपर्यंत काय कारवाई झाली, तो सध्या कोणत्या अधिकाऱ्याकडे आहे?" एवढंच विचारा. अर्ज चुकीच्या खात्यात पडला, तर तो योग्य खात्याकडे पाच दिवसांत पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. म्हणजे साखळी पाठ नसली तरी चालतं.

परवा काकांच्या स्टेटसला 'यस' आलं. हप्ता अजून यायचा आहे, पण आता कोणाला विचारायचं ते काकांना माहीत आहे. तुमच्या घरी कोणाचा हप्ता अडकला असेल, तर आज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा आणि ते तीन रकाने बघा. दहा मिनिटांचं काम आहे.

भेटू पुढच्या भागात!