इस्लापूर आणि गोंडांच्या हक्कांचा लढा

नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेकडील इस्लापूर 1956च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत हैदराबाद राज्यातील आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असल्याने येथील आदिवासी हक्कांचा इतिहास तिकडेच शोधावा लागतो. जंगल व जमिनीवरील हक्कांसाठी लढणारे गोंड आदिवासींचे नेते कोमराम भीम 1940 मध्ये जोडेघाट येथे पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले, आणि त्यानंतरच निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ, म्हणजे मानवी समाजांचे अभ्यासक, हायमेनडॉर्फ यांच्याकडे गोंडांच्या अभ्यासाचे काम सोपवले. शासनाला जाग येण्यासाठी बंड व्हावे लागले, हे येथे नोंदवलेच पाहिजे. पुढे 1943 मध्ये मार्लावाई येथे गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले आणि देवनागरीत गोंडी वाचनपुस्तके तयार झाली. आज इस्लापूर ज्यात आहे त्या किनवट तालुक्यातील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीने आदिवासींसाठी संरक्षित केलेल्या प्रदेशात, येतात.