पद्मदुर्गाचे दगड कोणी खाल्ले?

पद्मदुर्गाच्या तटाशी उभं राहिलं की उलटाच प्रकार दिसतो. दोन दगडांमधला चुना कडेने पुढे आलाय आणि काळा घडीव दगड मधोमध खोल गेलाय. काही ठिकाणी तर दगडाच्या जागी वाटीच उरली आहे. बोट फिरवलं की दगडाची भुकटी हाताला लागते. चुना मात्र टणक.

मुरूडसमोरच्या कासा बेटावर शिवाजी महाराजांनी हा किल्ला जंजिऱ्याच्या सिद्दीला शह म्हणून उभारला. जानेवारी 1675 मध्ये त्यांनी प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला रसदीतल्या दिरंगाईबद्दल खरमरीत पत्र लिहिलं, तेव्हा इथलं काम चालू होतं. म्हणजे हा तट साडेतीनशे वर्षं खारं पाणी अंगावर घेतोय. चुन्यात गूळ होता, हिरडा होता, बेलफळ होतं, अशा गोष्टी हव्या तितक्या ऐकायला मिळतात. असेलही. पण चुना टिकला कसा, हा अर्धाच प्रश्न झाला. दगड गेला कसा, ही खरी भानगड.

लाटांनी झिजला, हे सोपं उत्तर. पण लाटेने आधी पुढे आलेला चुना फोडला असता.

उत्तराचे धागे फार नंतर आणि फार दूर जुळले. दगडावर पाणी थेंब होऊन थांबतं की पसरतं, हे त्या दोघांच्या आपसांतल्या ओढीवर ठरतं. ते स्पर्शकोनाच्या हिशेबात मांडलं टॉमस यंगने, 1805 मध्ये. काळ्या दगडावर पाणी पसरतं आणि केसाएवढ्या भेगांत आपोआप ओढलं जातं. 1871 मध्ये केल्व्हिनने दाखवलं की अगदी बारीक छिद्रांत हवेतली वाफ, हवा पुरती दमट होण्याआधीच, पाणी होऊन बसते. पुढे 1977 मध्ये जॉन कान यांनी सिद्धांत मांडला की ठरावीक तापमानाला थेंबाचा सलग थर होणं हेही एक अवस्थांतरच असतं. तिघांच्याही डोळ्यांपुढे कोकण नव्हतं, हे सांगायला नको.

त्यात आपल्याकडे मीठ. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांवर गेली की साधं मीठ स्वतःच पाणी ओढून विरघळतं. त्याखाली आली की पुन्हा स्फटिक होतं. पेण-उरणच्या मिठागरात जे उघड्यावर होतं, तेच तटाच्या दगडात आत, नजरेआड होतं. हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून मतलई वाहते, भिंत सुकते आणि भेगेत खडा धरतो. दुपारनंतर खारा वारा सुटला की तो पुन्हा पाझरतो. जागा अपुरी असली की वाढणारा स्फटिक भेगेच्या भिंतींवर रेटा देतो आणि दगडाचा कण सुटतो. म्हणून दगडाचा खरा वैरी पाऊस नव्हे, उघडीप. पावसाळ्यात मीठ निदान धुऊन तरी जातं. सतत पाण्याखाली असलेला भागही त्या मानाने सुखी. हाल होतात ते तुषार झेलून सुकणाऱ्या भागाचे.

मग चुना का वाचला? माझा कल असा: वाळू घातलेल्या चुन्यात छिद्रं मोठी, स्फटिकाला ऐसपैस जागा. शिवाय चुना किंचित विरघळून स्वतःच्याच बारीक भेगांत पुन्हा बसतो. दगडाला ती सोय नाही.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर, 1680 च्या सुमारास, तटाचे मोठाले दगड चुन्याशिवायच एकावर एक रचले. फटींतून लाटेचा जोर जिरतो, हे त्याचं नेहमी दिलं जाणारं कारण. मला त्यात आणखी एक फायदा दिसतो: उघड्या फटीतून पाणी निघून जातं.

म्हणूनच जुन्या तटाच्या दरजा सिमेंटने भरलेल्या दिसल्या की वाईट वाटतं. काम झटपट होतं, फोटोत नीटनेटकं दिसतं. पण सांधा बंद झाला की ओलीला बाहेर पडायची वाट दगडातूनच उरते, आणि मीठही तिथेच साचतं. चुना मळायला वेळ लागतो, तो जाणणारे गवंडीही कमी झालेत. तरी दरजा चुन्यानेच भरायला हव्यात.