मूठभर धान्याचा नेम

आज आषाढी एकादशी. चंद्रभागेच्या वाळवंटात वैष्णवांचा मेळा भरला आहे, आणि ज्यांना पंढरीस जाणे घडले नाही त्यांच्या देवघरातही तुळशीमंजिऱ्यांच्या सुगंधात विठुराया उभा आहे. आजपासून चातुर्मास सुरू होतो. कोणी कांदा-लसूण वर्ज्य करील, कोणी एकभुक्त राहील, तर कोणी पोथीचा एक अध्याय वाचल्यावाचून मुखात घास घालणार नाही. या नेमांचे माहात्म्य त्यांच्या मोठेपणात नाही. ते त्यांच्या अखंडतेत आहे. एक दिवसाचे कडकडीत उपोषण पुष्कळांना साधते, पण कार्तिकी एकादशीपर्यंत साधासा नेम न चुकता पाळणे यालाच खरी निष्ठा लागते.

दानधर्माचेही असेच आहे. सणावारी आपल्या मनात करुणेचा पूर येतो. अनाथ बालकांच्या आश्रमात त्या दिवशी मिठाईचे पुडे येतात, नवे कपडे येतात, पंगती उठतात. सण ओसरला की पावले थांबतात. परंतु लेकरांची भूक पंचांग पाहून लागत नाही. भाद्रपदातल्या एखाद्या सामान्य मंगळवारीही दूध लागते, तापाला औषध लागते, शाळेची वही लागते आणि रात्री उशाशी बसणाऱ्या सेविकेला महिनाअखेर वेतनही द्यावे लागते. गोडाच्या जेवणाला दाते मिळतात. विजेचे देयक भरण्यास सहसा कोणी पुढे होत नाही. असे आश्रम खचतात ते बहुधा एखाद्या मोठ्या आघाताने नव्हे, तर या रोजच्या खर्चाला आधार न उरल्याने.

याच पंढरपुरात १८७५ साली एका बालकाश्रमाचा आरंभ झाला. न्यायखात्यात अधिकारी असलेले लालशंकर उमियाशंकर हे गुजराती गृहस्थ त्याचे प्रवर्तक. लोकलज्जेपायी टाकून दिलेली अर्भके आणि निराधार बालके यांना तेथे आसरा मिळाला. पुढच्याच वर्षी दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला, तो १८७८ पर्यंत पुरला, आणि अशा आसऱ्याची गरज किती मोठी आहे हे सर्वांना दिसून आले. प्रार्थना समाजाने या कार्याचा भार उचलला. वासुदेव बाबाजी नवरंगे बालकाश्रम या नावाने ते शंभराहून अधिक वर्षे चालले. संस्थापक निघून गेले, पिढ्या पालटल्या, तरी पाळणा हलत राहिला. कारण ते काम कोणा एकाच्या आवेगावर न ठेवता एका मंडळीने आपले कर्तव्य म्हणून स्वीकारले.

सातत्याची दुसरी साक्ष कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या चरित्रात सापडते. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास सर्व जातींच्या गरीब मुलांसाठी वसतिगृह उघडले. मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मोडले. अखेर मंगळसूत्रही दिले. हा त्याग वंदनीय खराच. पण मंगळसूत्र एकदाच देता येते. संस्थेला दीर्घकाळ बळ देणारी योजना निराळी होती. तिचे नाव मुष्टिफंड. गृहिणीने घरच्या धान्यातून मूठभर धान्य बाजूला काढावे आणि ते मुलांसाठी द्यावे, एवढेच. देणाऱ्या घराला त्याची तोशीस पडली नाही, आणि घेणाऱ्या मुलालाही कोणा एका धनिकाचा मिंधा व्हावे लागले नाही.

ही मूठ आज कोठे पोहोचवावी, याचाही विवेक हवा. २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार अशा संस्थांची नोंदणी आवश्यक आहे. ती विचारूनच दान द्यावे. त्या बालकांची ओळख प्रसिद्ध करण्यास कायद्याची मनाई आहे. म्हणून दान देताना मुलांसह छायाचित्र काढून मिरविण्याचा मोह टाळावा. मूल शक्यतो कुटुंबातच वाढावे, संस्था हा शेवटचा आसरा, हेही त्याच कायद्याचे तत्त्व आहे. तेव्हा आपल्या आळीतील एखाद्या विधवा मातेचे मूल तिच्याच घरी राहून शिकावे म्हणून फी भरणे, हीदेखील तीच सेवा होय. आणि अठरा वर्षे पुरी होताच ज्याला बालगृहाचा उंबरा ओलांडावा लागतो, त्या तरुणाला विसरू नये. त्याच्यासाठी अनुरक्षण गृहाची तरतूद आहे. परंतु पहिली नोकरी, भाड्याची खोली आणि सणाला हक्काने जाण्याजोगे एक घर, हे समाजानेच द्यावयाचे असते. संकटातील बालक दृष्टीस पडल्यास १०९८ हा दूरध्वनी क्रमांक लक्षात असू द्यावा.

पीडितांना जो आपले म्हणतो त्याच्या ठायी देव ओळखावा, ही संतांची शिकवण आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. या चातुर्मासात देवापुढे संकल्प सोडताना आणखी एक लहानसा नेम धरावा. देवघराजवळ एक डबा ठेवावा. सायंकाळी दिवा लावताना घरातील धाकट्या मुलाच्या हाताने त्यात मूठभर धान्य किंवा एखादे नाणे पडू द्यावे. महिना भरला की तो जवळच्या आश्रमात अथवा गरजू घरी रिता करावा. प्रबोधिनी एकादशीला देव जागे होतील, इतर नेमांचे उद्यापन होईल. या एका नेमाचे मात्र उद्यापन करू नये.