नेम चुकतो, की बाण?

दसऱ्याला आपण घरोघरी शस्त्रपूजा करतो, पण मुलीनं धनुष्य मागितलं की लगेच म्हणतो, "हे काय भलतंच?" साताऱ्याच्या अदिती स्वामीनं २०२३ मध्ये बर्लिनला, अवघ्या सतराव्या वर्षी जागतिक विजेतेपद मिळवलं, तेव्हापासून हा सूर जरा मवाळ झालाय. अदितीचं कंपाउंड धनुष्य चाकांचं आणि महागडं असतं. सुरुवात मात्र बांबूच्या साध्या धनुष्यावरही होते. आपल्याकडे त्याच्या 'इंडियन राउंड' स्पर्धा होतात, ५० आणि ३० मीटरवरून. ठाणे-पालघरच्या पाड्यांवर तर तीरकामठा पिढ्यान् पिढ्या आहे.

आया धनुष्य घेताना दहादा विचारतात, बाण मात्र मिळेल तो उचलतात. इथंच घोटाळा होतो.

आमच्या ऐरोलीतल्या महिला मंडळात येणाऱ्या एका आईची सातवीतली मुलगी शिकायला जायची. तिचा बाण कायम डावीकडे जायचा. पोरगी रडकुंडीला आली. आई म्हणाली, "ताई, हिच्या अंगातच नाही ते. बंद करते." शिक्षकांनी बाण हातात घेऊन वाकवून पाहिला. थोरल्या भावाचा होता, जाड आणि कडक. त्यांनी लवचीक बाण दिला आणि पोरीचे बाण मधोमध जाऊ लागले!

कारण सोपं आहे. साध्या धनुष्यात बाण दांड्याच्या कडेला टेकलेला असतो, दोरी मात्र सरळ दांड्याकडे झेपावते. त्यामुळे सुटताना बाण माशासारखा लवतो, दांड्याला वळसा घालतो आणि मग सरळ होतो. धनुष्याच्या ताकदीच्या मानानं तो फार कडक असेल तर उजव्या हातानं ओढणाऱ्याचा बाण डावीकडे जातो, फार लवचीक असेल तर उजवीकडे. म्हणून मुलीचं धनुष्य किती पौंडाचं, हे आधी विचारा आणि बाण त्याला जुळणारा घ्या.

दुसरी गोष्ट लांबीची. मुलीला दोन्ही हात पसरून उभी करा. एका मधल्या बोटापासून दुसऱ्यापर्यंत मोजा आणि अडीचनं भागा. ६० इंच भरले तर ओढ साधारण २४ इंच. बाण त्याहून दोन इंच तरी लांब हवा. आखूड बाण ओढताना धनुष्याच्या आत येतो आणि सुटला की थेट हातात घुसू शकतो. मुली भराभर वाढतात. फ्रॉक आखूड झाला तर नुसतं दिसायला वाईट. बाण आखूड झाला तर इजा. दर सहा महिन्यांनी मोजाच.

तिसरं वजन. फार हलका बाण दूर जातो खरा, पण त्याचा दणका धनुष्याला बसतो, ते मोडूही शकतं. पौंडाला दहा ग्रेन हा ठोकताळा. म्हणजे २० पौंडाच्या धनुष्याला सुमारे १३ ग्रॅमचा बाण. ओळखीच्या सोनाराकडे काट्यावर ठेवून पाहिलात तरी कळेल. सगळे बाण एकाच वजनाचे असले, तर नेम एकसारखा बसतो.

पिसं खरी असावीत. दांड्याला घासताना ती दबतात. प्लॅस्टिकची आपटून बाण भलतीकडे नेतात. एका बाणावर एकाच बाजूच्या पंखाची पिसं हवीत. पिसाचं पुढचं टोक दोऱ्यानं नीट गुंडाळलेलं आहे ना, ते बघा. नाहीतर हाताला ओरखडा येतो.

आणि बायांनो, रोजचा नियम लक्षात ठेवा. प्रत्येक बाण हलका वाकवून, फिरवून, कानाशी धरून बघायचा. करकरला, तडा दिसला की मोडून टाकायचा. बाणाशिवाय दोरी ओढून सोडायची नाही. सराव शिक्षकांच्या देखरेखीतच, गच्चीवर किंवा सोसायटीच्या आवारात मुळीच नाही.

"हिला जमत नाही" असं लेकीबद्दल म्हणण्याआधी तिच्या हातात काय दिलंय, तेवढं एकदा तपासून बघा.